बेली डान्सचा व्हिडिओ निवडताना आधी गुडघे बघा

यूट्यूबवर ‘बिगिनर’ लिहिलेला बेली डान्सचा व्हिडिओ लावायचा आणि तिसऱ्या मिनिटाला आपण सोफ्यावर, असं माझं चारपाच वेळा झालं. आता मी थंबनेलवर जातच नाही, व्हिडिओ मधेच कुठेतरी उघडून दोन मिनिटं बघते.

१. अगदी नवीन असाल तर शिकवणारीचे गुडघे दिसले पाहिजेत. हिप ड्रॉप, हिप लिफ्ट (एका बाजूची कंबर खाली सोडणं, वर उचलणं) दिसतं कमरेत पण काम करतात गुडघे, आणि लांब घेरदार स्कर्टमध्ये ते झाकले गेले की आपण नुसती कंबर झटकत बसतो (मी महिनाभर हेच केलं). एकच स्टेप, गाण्याशिवाय, दोन्ही बाजूंनी करून दाखवत असेल तर घ्या.

२. हिप ड्रॉप, आडवा आठ (कंबरेने इंग्रजी 8 आडवा काढणं) आणि साधी शिमी (कंबर भरभर थरथरवणं) न थांबता जमायला लागली की मग असे व्हिडिओ शोधा ज्यात शिमी करत चालायला लावतात आणि ठेका तोंडाने म्हणून दाखवतात. मकसूम आणि सैदी हे असे दोन ठेके; दुम हा ढोलाचा जाड बोल, तक हा बारीक. मकसूम म्हणजे दुम तक, तक दुम, तक. सैदी म्हणजे दुम तक, दुम दुम, तक. एवढा एक फरक कानाला कळला तरी पुढचं बरंच सोपं जातं.

३. ड्रम सोलो (नुसत्या ढोलावर नाचणं), बोटातली झांज, तलवार हे सगळं नंतर.

स्पीड ०.७५ करून बघा, त्यावरही पाय जुळत नसतील तर ती लेव्हल अजून आपली नाही.

आणि वॉर्मअप नसलेला व्हिडिओ असेल तर वॉर्मअप आधी स्वतः करा. कंबरेत कळ आली की तिथेच थांबायचं.