मिरचीतील औषधी द्रव्य : वापरताना या चुका टाळा

नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळते आणि उन्हाळ्यात खान्देशातील घराघरांत वर्षभराचा काळा मसाला तयार होतो. या मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य वेदनाशामक मलमांतही असते. एवढे ऐकून मिरची वाटून तिचा लेप दुखऱ्या गुडघ्यावर बांधला जातो, आणि माझ्या मते ही सर्वांत घातक चूक आहे. मलमात कॅप्सेसिन साधारणपणे ०.०२५ ते ०.०७५ टक्के इतकेच, मोजून घातलेले असते. वाटलेल्या मिरचीत ते किती उतरले हे घरी कळण्याचा मार्ग नाही, कारण वाण, हवामान आणि फळाची पक्वता यांनुसार ते बदलते. अशा लेपाने त्वचेची आग होतेच, कधी फोडही येतात. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी ८ टक्क्यांची पट्टीही वापरतात. पण ती वैद्यकीय देखरेखीखाली आणि ठरावीक वेळच लावली जाते.

डॉक्टरांनी मलम दिल्यावर दोन दिवसांत ते सोडून देणे ही दुसरी चूक. कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरील, उष्णतेची जाणीव देणाऱ्या ‘टीआरपीव्ही-१’ या ग्राहीला चेतवते. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन या ग्राहीला चेतवत असल्यामुळेच त्वचा प्रत्यक्ष तापलेली नसतानाही सुरुवातीला भाजल्यासारखे वाटते. नियमित वापराने ही टोके हळूहळू वेदनेला कमी प्रतिसाद देऊ लागतात, आणि त्यासाठी काही आठवडे लागू शकतात. मात्र जखमेवर किंवा खरचटलेल्या जागी मलम लावू नये, आणि लावण्याच्या आधी वा नंतर लगेच गरम पाण्याने शेकू नये, कारण उष्णतेने आग आणखी भडकते.

ठेचा वाटल्यावर किंवा भरताच्या मिरच्या सोलल्यावर हात नुसत्या पाण्याने धुतले जातात आणि तासाभराने तोच हात डोळ्याला लागतो. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी हाताला गोडेतेल चोळावे, मग साबणाने धुवावे. तान्ह्या बाळाला घेण्यापूर्वी तर हे अवश्य करावे. शेवभाजीने तोंड पोळले असता पाण्याचे घोट घेऊन फारसे साधत नाही. दूध किंवा दही घ्यावे, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून बाजूला नेते.

तिखटपणा बियांत असतो, हा समजही चुकीचा आहे. कॅप्सेसिन बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. बियांना ते केवळ लागलेले असते. लाल रंगावरूनही तिखटपणा ओळखता येत नाही, कारण रंग कॅप्सँथिन या वेगळ्या द्रव्याचा असतो.

अवकाळी पावसात भिजलेल्या, बुरशी धरलेल्या मिरच्या तेलात भाजल्या की शुद्ध होतात असे मानून त्या मसाल्यात घालू नयेत. काही बुरशींतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असून घरगुती भाजणीच्या उष्णतेने त्याचा भरवशाने नाश होत नाही. देठाजवळ काळसर पडलेली किंवा कुबट वास येणारी मिरची डंकीवर नेण्यापूर्वीच काढून टाकावी.