सी प्रोजेक्टमध्ये क्लास आणायचे का? आधी गिट लॉग उघडा

जुना सी कोड आहे, प्रत्येक फंक्शनमध्ये तोच स्विच (प्रकार बघून काय करायचं ते निवडणारा), आणि टीममधलं कोणीतरी म्हणतंय सी प्लस प्लस करून टाकू, तिथे क्लास मिळतात, म्हणजे प्रत्येक प्रकाराचा डेटा आणि फंक्शनं एकत्र. थांबा जरा.

गिटमध्ये ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढा, आहे तो कोड सी प्लस प्लस कंपायलरमधून काढून बघा. मेमरी देणाऱ्या मॅलॉकला कास्ट (टाइप बदलून घेणं) नाही म्हणून बोंबाबोंब होईल, ती निस्तरा. हे सोपं आहे.

अवघड पुढचं आहे, इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. मागच्या दोन-तीन वर्षांचा गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, वाचा आणि मोजा, इनममध्ये (प्रकारांच्या यादीत) नवीन प्रकार किती वेळा आला आणि आहे त्याच प्रकारांसाठी नवीन काम किती वेळा आलं. प्रकार वाढत असतील तर क्लास घ्या, एक फाइल टाकली की झालं. कामं वाढत असतील तर स्विचच ठेवा, नाहीतर दर वेळी बेस क्लासपासून (सगळ्यांचा मूळ क्लास) त्याच्यावरून केलेल्या शेवटच्या पोर-क्लासपर्यंत सगळ्या फाइली उघडत बसाल.

मी हे मोजलंच नव्हतं. बिलिंग सॉफ्टवेअर होतं, प्रिंटर तीनच, थर्मल, डॉट मॅट्रिक्स आणि लेबलचा, चौथा कधी आलाच नाही. मी हौसेने प्रिंटर नावाचा बेस क्लास केला, मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि बिलावर एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा कोड) छापायचं नवीन काम आलं. बेसमध्ये मी रिकामं व्हर्च्युअल फंक्शन (पोर-क्लासला बदलता येणारं) ठेवलेलं, डॉट मॅट्रिक्समध्ये ते ओव्हरराइड करायचं, म्हणजे त्याचं स्वतःचं लिहायचं, राहिलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, त्या प्रिंटरवर एचएसएनची ओळच गायब! दुकानदाराचा फोन आला तेव्हा कळलं. ते फंक्शन प्युअर व्हर्च्युअल (पोर-क्लासने लिहायलाच हवं असं) ठेवलं असतं तर बिल्डच अडला असता. स्विचमध्येही हाच सापळा आहे बरं का, इनमवरच्या स्विचमध्ये डिफॉल्ट (बाकी सगळ्यांसाठीची केस) लिहिलं की राहिलेल्या केसबद्दल जीसीसी हा कंपायलर 'वॉल' (-Wall, नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय) दिला तरी गप्प बसतो. डिफॉल्ट काढा, तो बोलायला लागतो.

प्रकार वाढतायत पण भाषा बदलायची नाही? फंक्शन पॉइंटरचं (फंक्शनचे पत्ते ठेवणारं) स्ट्रक्ट करा, लिनक्स कर्नलमधलं फाइल ऑपरेशन्स नावाचं स्ट्रक्ट तेच आहे.

सी प्लस प्लसच ठरलं तर काय वापरायचं नाही ते आधी लिहून काढा. जीसीसी स्वतः 2013 च्या 4.8 पासून सी प्लस प्लस कंपायलरशिवाय बिल्ड होत नाही, तरी त्यांच्या नियमांत एक्सेप्शन (एरर वर फेकायची सोय) आणि आरटीटीआय (प्रोग्राम चालताना टाइप ओळखायची सोय) बंद आहेत.

आणि ओव्हरराइड हा शब्द प्रत्येक ठिकाणी लिहा, आळस नको. हा शब्द नसेल आणि पोर-क्लासच्या फंक्शनवरचा एक कॉन्स्ट ('ऑब्जेक्ट बदलणार नाही' हा शब्द) राहिला तर कंपायलर त्याला वेगळंच फंक्शन समजतो आणि तुम्ही रात्रभर डीबगर घेऊन बसता.