शेडमधला कारचा स्टिरिओ आवाज वाढवताच बंद पडत असेल तर

बागेतल्या अवजारांच्या शेडमध्ये जुन्या गाडीतून काढलेला स्टिरिओ बसवला; तो सुरू होई, परंतु आवाज थोडा वाढवताच बंद पडून पुन्हा चालू होई, आणि प्रत्येक वेळी साठवलेली स्टेशने पुसली जात. त्याला वीज देणारा वायफायच्या राउटरचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर तशाच दुसऱ्याने बदलून पाहिला, जोडांना पुन्हा डाख दिला, स्पीकर बदलले. दोन रविवार वाया गेले. अखेर मल्टिमीटर लावला, तेव्हा ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज ९ च्या खाली कोसळताना दिसले; म्हणजे अडॅप्टरचा करंटच अपुरा पडत होता.

मग १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा वीजपुरवठा) आणला. प्रथम त्याला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून, स्टिरिओ न लावता, १२ व्होल्ट मिळतात याची खात्री केली आणि मेन स्विच बंद केला. त्यानंतर स्टिरिओची काळी वायर ऋण टर्मिनलला, पिवळी वायर १० अँपिअरच्या फ्यूजमधून धन टर्मिनलला, आणि लाल वायर त्याच फ्यूजच्या पुढून एका साध्या स्विचमार्गे जोडली. पिवळी वायर स्मृतीसाठी सतत जिवंत लागते, त्यामुळे आता स्टिरिओ लाल वायरच्या स्विचनेच बंद करतो, एसएमपीएस चालूच ठेवतो. (काही गाड्यांत पिवळ्या-लाल वायरींचे काम उलटे असते, स्टिरिओवरचे लेबल आधी वाचावे.) निळी वायर (गाडीच्या अँटेना किंवा अॅम्प्लिफायरसाठीची) इथे लागत नाही, म्हणून तिचे टोक टेपने झाकले. स्पीकरची ऋण वायर मात्र काळ्या वायरीला कदापि जोडू नये, कारण अशा स्टिरिओत ती ग्राउंड, म्हणजे ऋण टर्मिनलशी जोडलेली, नसते. अँटेनाच्या खाचेत ७५ सेंटीमीटर वायर खोचताच एफएमही स्वच्छ लागले.