अपडेट केल्यानंतर जुन्या आवृत्त्या कशा काढाव्यात

अपडेट झालं म्हणजे जुनं आपोआप गेलं, असं आपण धरून चालतो. पुष्कळ सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते खरंही असतं. पण काही सॉफ्टवेअर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी टाकतात आणि जुनी तशीच राहते. नुसती जागा अडली तर एक वेळ चालेल; जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या त्रुटी मात्र तिच्यासोबत संगणकावर राहतात. म्हणून हे काम टाळू नये. इथले टप्पे विंडोज 11 साठी आहेत.

आधी नवी आवृत्ती नीट चालते ना, ते पाहा. संगणक रीस्टार्ट करा, सॉफ्टवेअर उघडा, आपली एखादी फाइल त्यात उघडून बघा. मग स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिस्टोअर पॉइंट’ शोधून एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी नोंद, बनवा. त्यात तुमची कागदपत्रं किंवा फोटो साठवले जात नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

आता सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स असं जा आणि यादी नावानुसार लावा. एकाच नावाच्या दोन-तीन नोंदी लागोपाठ दिसतील. जुनी कोणती हे तारखेवरून ठरवू नका, कारण दुरुस्ती केली तरी ती तारीख बदलू शकते. आवृत्तीचा क्रमांक बघा, आणि तो दशांश अपूर्णांकासारखा वाचू नका: 1.10 ही 1.9 च्या नंतरची आवृत्ती आहे. ठिपक्यांमधला प्रत्येक आकडा स्वतंत्र वाचायचा. ‘जावा 8 अपडेट 51’ आणि ‘जावा 8 अपडेट 401’ दोन्ही दिसले, तर 51 काढायचं. फक्त तुमचं एखादं जुनं सॉफ्टवेअर नेमकं त्याच जावावर चालत नाही ना, याची खात्री करून घ्या.

नोंदीसमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ निवडा. इथे घाई नको. ‘सेटिंग्ज आणि वैयक्तिक डेटाही काढायचा का?’ असं विचारलं, तर त्यासमोरच्या चौकटीतली खूण काढून टाका. बऱ्याचदा जुनी आणि नवी आवृत्ती सेटिंग्जसाठी एकच फोल्डर वापरतात. खूण राहिली तर नव्या आवृत्तीतली तुमची मांडणीही पुसली जाते. एका वेळी एकच आवृत्ती काढा, रीस्टार्ट करा आणि नवी पुन्हा तपासा. ती उघडेनाशी झाली, तर एखादी सामायिक फाइल जुनीबरोबर गेली असावी. नव्या आवृत्तीचं ‘रिपेअर’ चालवा; तो पर्याय नसेल तर तीच पुन्हा इन्स्टॉल करा.

यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’च्या 2008, 2010, 2013 अशा ढीगभर नोंदी असतील. त्यांना हात लावू नका. हे इतर सॉफ्टवेअरना चालायला लागणाऱ्या सामायिक फाइलींचे संच आहेत, एकमेकांच्या जुन्या प्रती नाहीत. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वेगवेगळ्या वर्षाचा संच लागतो. एक्स 86 (32-बिट) आणि एक्स 64 (64-बिट) अशी जोडी दिसली तरी दोन्ही राहू द्या.

याउलट फ्लॅश प्लेयर (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) अजून असेल, तर बिनधास्त काढा. 31 डिसेंबर 2020 नंतर त्याचा निर्मात्याकडून मिळणारा सपोर्ट बंद झाला आहे.

विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर राहतं. ते अनेकदा 10 जीबीहून मोठं असतं. साधारण 10 दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढतं. त्याआधी जागा हवी असेल, तर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करा. मग जुन्या विंडोजवर परतता येत नाही, म्हणून आधी प्रिंटर, आवाज, इंटरनेट नीट चालतात का, ते बघून घ्या.

फोल्डर हातानं डिलीट करणं म्हणजे अनइन्स्टॉल नव्हे. नोंद यादीत तशीच राहते आणि अनइन्स्टॉलर मात्र नाहीसा होतो. विशेषतः विंडोज फोल्डरमधल्या ‘इन्स्टॉलर’ला जागा वाचवण्यासाठी कधीही हात लावू नका. तिथल्या फाइल गेल्या की सॉफ्टवेअर अपडेटही होत नाही आणि निघतही नाही. तसं आधीच झालं असेल, तर नेमकी तीच जुनी आवृत्ती निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मिळवून त्यावरच पुन्हा इन्स्टॉल करा, आणि मग रीतसर काढा.