गाडी न काढता माथेरान कसं करायचं
मुंबई-पुण्याजवळ निसर्गात जायचंय ना, मग गाडी घरीच ठेवा. लोकलने नेरळला उतरा, स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी पकडून दस्तुरी नाक्यापर्यंत जा, पुढे तशीही मोटारगाड्यांना बंदी आहे आणि म्हणूनच तिथली हवा अशी स्वच्छ आहे. सामान कमी असेल तर घोडा नको, रुळांच्या कडेने लाल मातीतून चालत जा, १९०७ पासूनची मिनी ट्रेन शेजारून गेली की फार भारी वाटतं. स्टीलची बाटली घ्या, डबा घरचाच, पण प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की माकडं झडप घालतात, म्हणून सगळं सॅकमध्येच ठेवा. शार्लोट लेकमध्ये पाय पण धुवू नका, गाव तेच पाणी पितं! राहायला शक्यतो गावातलं घरगुती लॉजिंग बघा आणि कचरा परत खाली घेऊन या, प्लीज.