घोटा बरा झाला का, मोजायची टेप लावून पाहा

घोटा मुरगळला, सूज उतरली, की पोरं लगेच मैदानात उतरतात आणि आठवड्यात पुन्हा लंगडत येतात. दुखत नाही म्हणजे पायात ताकद आली असं नव्हे. फिजिओने उडीची परवानगी दिल्यावर हे करा:

१. बल्कावासमोरच्या (घराच्या ओसरीसमोरच्या) सपाट, कोरड्या जागेवर खडूने रेघ मारा. मिरामार किनाऱ्याच्या वाळूत किंवा पावसात निसरड्या झालेल्या मैदानावर नको, मापं फसतात.
२. रेघेपासून एका पायावर पुढे उडी मारून त्याच पायावर स्थिर थांबा. तोल गेला तर ती उडी धरू नका. दोन्ही पायांच्या तीन-तीन उड्यांची लांबी टेपने मोजून प्रत्येक पायाची सरासरी काढा.
३. दुखऱ्या पायाची सरासरी भागिले चांगल्या पायाची, गुणिले १००. चांगला १५० सेंमी, दुखरा १२६ सेंमी, तर ८४ टक्के. सर्वसाधारणपणे ९० च्या खाली खेळ नको.

समोरून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण जरूर करा. माझ्या मते आकड्याहून तेच महत्त्वाचं, कारण उडी लांब जाते आणि उतरताना गुडघा मात्र आत झुकतो.

उडीत कळ आली, तर तिथेच थांबा.