झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत वही कशी ठेवावी

मी रुजू झाले तेव्हा कंपनीत ४१ माणसं होती. सोडली तेव्हा सहाशेच्या वर. साडेचार वर्षांत मला सहा मॅनेजर लाभले, टीमचं नाव चारदा बदललं आणि सपोर्टमध्ये लागलेली मी शेवटी सर्व्हर सांभाळत होते. एवढ्या उलथापालथीत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सोबत राहिली ती फक्त वही. (खरं तर पाच वह्या. चौथी एकदा मीटिंग रूममध्ये राहून गेली आणि तीन दिवसांनी सापडली. त्या तीन दिवसांत मी काही धड काम केलं नाही.) अशा कंपनीत कुणी रुजू व्हायला निघालं की मी वहीचं सांगते आणि समोरचा विचारतो, "कागदाची?"

हो, कागदाचीच. कंपनीच्या लॅपटॉपवरच्या नोंदी लॅपटॉपबरोबर परत जातात आणि त्या स्वतःच्या ईमेलवर पाठवायला गेलात तर नियम मोडता. मात्र वहीत काय नसावं हे आधी ठरवा. ग्राहकांची नावं, पासवर्ड, कोड, विक्रीचे आकडे यातलं काहीही नको. माझा नियम असा होता की वही उद्या परक्या माणसाच्या हाती पडली तर लाज फक्त मला वाटली पाहिजे, कंपनीला नाही.

पहिलं पान ऑप्शन्ससाठी राखा, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला विकत घेण्याच्या हक्कासाठी. ऑफर लेटरवर मोठा आकडा असतो आणि आपण त्यालाच भुलतो. १०,००० ऑप्शन्स मिळाले म्हणजे काय मिळालं, हे एकूण शेअर किती ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. एकूण १ कोटी असतील तर तुमचा वाटा ०.१ टक्का, १० कोटी असतील तर ०.०१ टक्का. तो आकडा विचारा. द्यायला तयार नसतील तर "विचारलं, सांगितलं नाही" असं तारखेसह लिहा. त्याखाली ज्या किमतीला ते घेता येतील ती किंमत आणि व्हेस्टिंगचं, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने तुमचे होण्याचं, वेळापत्रक. नेहमीचा साचा चार वर्षांचा आणि पहिल्या वर्षाच्या क्लिफचा (वर्ष भरेपर्यंत काहीच नाही) असतो. समजा ४,८०० ऑप्शन्स आहेत, तर वर्ष भरताच १,२०० तुमचे होतात आणि पुढे दरमहा १०० ची भर पडते. दोन वर्षं सात महिन्यांनी सोडलं तर ३,१०० हाती. अकरा महिन्यांनी सोडलं तर एकही नाही. आमच्यातल्या एकाने क्लिफला तीन आठवडे उरले असताना राजीनामा दिला. त्याला हे माहीतच नव्हतं, आणि एचआरनेही आपणहून सांगितलं नाही.

याच पानावर आणखी दोन प्रश्न लिहून ठेवा. सोडल्यावर ऑप्शन्स विकत घ्यायला किती दिवस मिळतात? बऱ्याच ठिकाणी ही मुदत ९० दिवसांची असते, काही कंपन्या वाढवून देतात. आणि कंपनी विकली गेली तर आधी पैसे कुणाचे? गुंतवणूकदारांना सहसा आपली रक्कम आधी काढून घेण्याचा हक्क असतो, त्यामुळे बातमीत विक्रीचा मोठा आकडा आला तरी कर्मचाऱ्यांच्या हाती फारसं काही न लागणं अगदी शक्य असतं. गुंतवणुकीची नवी फेरी झाली की नवे शेअर निघतात आणि टक्का घटतो. दर फेरीनंतर हे पान उघडून टक्का पुन्हा लिहायचा, जुना खोडायचा नाही.

आता तोंडी आश्वासनं. वाढत्या कंपनीत "पुढच्या रिव्ह्यूत बघू" हे वाक्य हवेतल्या धुळीसारखं असतं. बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. पण रिव्ह्यू येईपर्यंत तो दुसऱ्या विभागात गेलेला असतो, नाहीतर दुसऱ्या कंपनीत. म्हणून बोलणं संपलं की त्याचेच शब्द वहीत उतरवायचे आणि त्याच दिवशी एक साधा मेल टाकायचा: "आज आपलं बोलणं झालं त्यावरून मी असं समजले आहे की सहा महिन्यांनी माझ्या हुद्द्याचा विचार होईल. काही चुकत असेल तर कळवा." एवढाच. आभार आणि आशा-अपेक्षा नकोत. माझा तिसरा मॅनेजर असा शब्द देऊन दुसऱ्याच महिन्यात गेला. नवीन बाईंपुढे मी तो मेल ठेवला. त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नव्हतं, पण लेखी आहे तर बघते." तीन महिने उशिरा का होईना, काम झालं. तोच शब्द माझ्याबरोबरच्या दोघांनाही मिळाला होता. त्यांच्याकडे मेल नव्हता.

रात्रीच्या कॉलचं पान मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. ऑन-कॉलचा, म्हणजे रात्री-अपरात्री सर्व्हर बिघडला तर उठायच्या पाळीचा, आठवडा आला की आम्ही सगळे कुरकुरायचो, "फार कॉल येतात." मॅनेजर म्हणायचा, "वाढ होतेय ना!" आणि विषय तिथेच संपायचा. मग मी चार रकाने आखले: किती वाजता, किती वेळ जागी, कारण काय, काय केलं. माझ्या वाट्याच्या सहा आठवड्यांत २३ कॉल भरले. त्यातल्या १४ ओळींत शेवटच्या रकान्यात एकच मजकूर होता, "काही नाही, आपोआप उतरलं." रात्री २:४० च्या सुमाराला बॅकअप चालायचा, तेवढ्यापुरती डिस्क ८० टक्क्यांवर जायची, अलर्ट वाजायचा आणि मी डोळे चोळत लॅपटॉप उघडेपर्यंत ती पुन्हा ६० वर आलेली असायची. वर्षभर माणसं अशी उठत होती. ते पान मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलं आणि अर्ध्या तासात प्रश्न मिटला: डिस्क सलग पाऊण तास भरलेली राहिली तरच अलर्ट. तक्रार तीच होती, फक्त या वेळी ती मोजलेली होती. हे पान झोपण्यापूर्वीच भरायचं बरं का, सकाळी काही आठवत नाही.

पुढचं पान जरा अवघड आहे: कुणाच्या डोक्यात काय आहे. दहा माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या ४५ होतात, चाळीसांत ७८०, ऐंशींत ३,१६०. म्हणजे माणसं दुप्पट झाली की बोलण्याचे धागे चौपटीच्या घरात जातात. "अरे, हे त्याला विचार" एवढ्यावर चालणारी कंपनी अचानक अडखळायला लागते ती यामुळे.

आमच्याकडे महिन्याच्या १ तारखेला ग्राहकांना बिलं जायची. एका महिन्यात गेलीच नाहीत. ४ तारखेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण बिल आलं नाही म्हणून तक्रार कोण करणार? हिशेबवाल्यांना जमा कमी दिसली तेव्हा शोधाशोध सुरू झाली. बिलं पाठवणारा प्रोग्रॅम अगदी सुरुवातीच्या एका इंजिनिअरच्या लॉगिनवर चालत होता. तो आदल्या महिन्याच्या २६ तारखेला सोडून गेला आणि नियमाप्रमाणे त्याचं लॉगिन बंद झालं. प्रोग्रॅमने इमानेइतबारे चूक झाल्याचा मेलही पाठवला होता, त्याच बंद झालेल्या मेलबॉक्सवर. संध्याकाळी मी वही चाळली. आठ महिन्यांपूर्वीची नोंद सापडली: "बिलांचा प्रोग्रॅम त्याच्या लॉगिनवर. बदलायला हवं." शेजारी एक छोटा चौकोन, टिक न केलेला. अक्षर माझंच.

तेव्हापासून अशा नोंदीपुढे मी नाव आणि तारीख लिहायला लागले. आणि कुणी निघाल्याचं कळलं की त्याच आठवड्यात त्याला बाजूला घेऊन चार गोष्टी विचारायच्या. तुझ्या लॉगिनवर काय चालतं? बाहेरच्या कोणत्या सेवांची खाती तुझ्या ईमेलवर नोंदलेली आहेत? कोणता अलर्ट फक्त तुलाच येतो? कोणत्या ग्राहकाकडे तुझा खासगी नंबर आहे? चौथा प्रश्न ऐकून हमखास हसतात आणि मग यादी देतात.

मुलाखती आणि नव्या लोकांना शिकवणं यांचे तासही मांडा. १९७५ मध्ये फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, कारण जुनी माणसं नव्यांना शिकवण्यात गुंततात. ती जुनी माणसं म्हणजे तुम्ही. एका तिमाहीत मी ४७ मुलाखती घेतल्या आणि रिव्ह्यूमध्ये "कामाचा वेग मंदावला" असा शेरा आला. आकडा दाखवल्यावर शेरा निघाला.

कोण कुणाबद्दल काय बोललं ते मात्र लिहू नका. मी दोन महिने लिहिलं, मग वाचून स्वतःचाच कंटाळा आला आणि ती पानं फाडली. बाकीच्या नोंदींना शुक्रवारची पंधरा मिनिटं पुरतात.

सोडायचं ठरलं की राजीनामा देण्याआधी पहिलं पान उघडा. पुढचा हप्ता कधी व्हेस्ट होतो ते पाहा आणि त्यावरून तारीख ठरवा. ऑप्शन्सची कागदपत्रं आणि पगाराच्या स्लिपा तुमच्या स्वतःच्या असतात. त्या आधीच उतरवून घ्या. मला सांगितलं होतं की शेवटच्या दिवशी लॅपटॉप ४ वाजता द्यायचा. लॉगिन १२ लाच बंद झालं. उरलेले चार तास मी रिकाम्या स्क्रीनसमोर बसून, वहीत बघून, नव्या मुलीला हँडओव्हर दिला. निघताना तिने विचारलं ही वही कुठे मिळते. मी तिला कोरी सहावी दिली, मागच्या रविवारी सवयीने आणून ठेवलेली.